अण्णांच्या दारातली बोट

सोलापूरपासून समुद्र बराच लांब आहे, ही गोष्ट मला शाळेत असल्यापासून माहीत होती. भूगोलात मला कधी कमी मार्क पडले नाहीत. तरीही मी आमच्या घरापुढं, समुद्रकिनाऱ्यावरच्या बंगल्यांना असतो तसा लाकडी फळ्यांचा ओटा, म्हणजे डेक, बांधला, त्याला पांढरं कुंपण घातलं आणि वर छाती काढून आईला म्हणालो, "बघ, आता घराला कशी शोभा आली!"

शोभा आली. माणसं गेली.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागावर टॉवेल विणून मला सिव्हिल इंजिनिअर केलं. सकाळी सायकलला डबा अडकवून जायचे आणि संध्याकाळी भुवयांपर्यंत सुताची पिंज घेऊन परत यायचे. त्यांचे उपकार फेडायचे, हे मी कॉलेजात असतानाच ठरवलं होतं. कशानं, एवढंच ठरायचं होतं. (त्या वेळी कुणी "एक धोतरजोडी घे की" एवढं सांगितलं असतं, तरी पुढचं सगळं टळलं असतं.)

काम सुटल्यावर अण्णा दारातल्या कट्ट्यावर बसू लागले. कट्टा म्हणजे दगडांवर टाकलेल्या शहाबादी फरशा आणि वर कडुलिंबाची सावली. संध्याकाळी समोरच्या घरातले सिद्रामकाका यायचे, पलीकडच्या गल्लीतून बशीरचाचा यायचे. तिघांचाही जन्म मागाच्या खडखडाटात गेलेला. त्यामुळं तिघांनाही कमी ऐकू येतं आणि तिघंही ओरडूनच बोलतात. बशीरचाचा "किसी को बोलना नक्को" म्हणून एखादं गुपित सांगायला लागले, की कोपऱ्यावरच्या दुकानात वजनमाप थांबायचं! आमच्या गल्लीत संध्याकाळ झाल्याचं उजेडावरून नाही, या तिघांच्या आवाजावरून कळायचं.

मी नोकरीला अलिबागकडं. समुद्राकाठच्या बंगल्यांना डेक, पोर्च आणि कुंपणं बांधून देणं हे आमचं काम. तिथं मी पुष्कळ शिकलो. दमट हवेत लाकूड फुगतं, म्हणून दोन फळ्यांमध्ये फट ठेवायची. खाऱ्या वाऱ्यानं खिळे गंजतात, म्हणून भारी स्टीलचे स्क्रू वापरायचे. खाली ओल धरते, म्हणून डेक जमिनीपासून उचलून घ्यायचा. सावलीत बुरशी येते, म्हणून ऊन भरपूर येऊ द्यायचं.

एकदा एका बंगल्यात मालकाचे वृद्ध वडील डेकवर चहा पीत समुद्राकडं बघत बसले होते. माझ्या अण्णांनी काय पाप केलंय? ते फरशीवर बसतात!

मी रजा टाकली.

"अण्णा, हा कट्टा काढू या."

"का रं? त्यानं काय केलंय?"

"तिथं नवीन डेक बांधतो. तुम्ही आरामात बसा."

"आता काय उभा हाय व्हय मी?"

आई आतून म्हणाली, "आवो, पोरगं एवढं शिकलंय. त्याला कळत असंल की!"

अण्णा गप्प झाले. माझ्या डिग्रीपुढं ते नेहमीच गप्प होतात. त्यांनी मला कधी नाही म्हटलं नाही. तेव्हा मला ती माझ्या शिक्षणाची कदर वाटली. आता वाटतं, एकदा तरी पाठीत धपाटा घालायला हवा होता.

कट्टा उखडायला वेळ लागला नाही. सिद्रामकाका मागं हात बांधून बघत होते.

"दत्त्या, ह्या फरशा टाकून देणार व्हय?"

"हो काका."

"मग मी नेतो. न्हाणीपुढं टाकतो की."

"न्या, न्या!" मी उदारपणे म्हणालो. माझ्या हातून त्या महिन्यात झालेलं हे एकमेव शहाणपण, आणि तेही मला कळलं नाही.

मग मी शिकलेलं सगळं अण्णांच्या दारात ओतलं. भारी स्टीलचे स्क्रू मारले. (आमच्या नळाला काहीतरी गंजावं एवढं पाणी येतं कुठं!) खाऱ्या वाऱ्यापासून वाचवणारं तेल तीनदा पाजलं. (आमच्याकडं खारं म्हणजे फक्त शेंगदाणे!) बुरशी येऊ नये म्हणून कडुलिंबाच्या दाराकडच्या सगळ्या फांद्या छाटल्या. बुरशी! जिथं कडक भाकरी महिनाभर डब्यात ठणठणीत राहते, तिथं मी बुरशीच्या भीतीनं सावली तोडली.

उद्घाटनाला अक्षय्यतृतीयेचा मुहूर्त धरला. ऐन उन्हाळा, वेळ भर दुपारची. आईनं पायरीशी रांगोळी काढली, डेकवर समई लावली, नारळ ठेवला. सिद्रामकाका नवं धोतर नेसून आले, बशीरचाचा इस्त्रीचा कुर्ता घालून. दोघंही पायरीशी थांबले आणि चपला काढू लागले.

"काका, चपला असू द्या. डेकवर चपला चालतात!"

"आरं, समई हाय, नारळ हाय आन चपला घालून येऊ? तू शिकलास म्हणून आमी रीत सोडावी व्हय?"

अण्णांनीही चपला काढल्या. आता मीच कसा घालून राहणार? मीही बूट काढले. आम्ही चौघं त्या तेल पाजलेल्या, काळपट, बिनसावलीच्या फळ्यांवर अनवाणी चढलो.

दोन पावलं सगळे सभ्यपणे चालले.

"यप्पा!" सिद्रामकाका ओरडले आणि एक पाय वर घेतला. मग तो खाली टेकून दुसरा घेतला.

"अरे बेटा, ये क्या तवा बनाया रे!" बशीरचाचा गोल फिरत नाचू लागले.

डेक खालून पोकळ. त्यामुळं प्रत्येक उडीला ढोल वाजवल्यासारखा आवाज! शेजारची माणसं लेझीम बघायला आल्यासारखी गोळा झाली. अण्णा मात्र समईपुढं तसेच उभे होते, ओठ आवळून, डोळ्यांत पाणी आणून. पोरानं बांधलंय म्हणून.

"अण्णा, खाली उतरा!"

"उतरतो... नारळ... फोडू दे की..."

तेवढ्यात सिद्रामकाकांनी पायरीकडची गर्दी बघून बाजूनं कुंपणावरून उडी घेतली. पलीकडं काका पोहोचले. धोतर अलीकडंच राहिलं! माझ्या कुंपणाच्या टोकदार पट्ट्यांत ते असं अडकलं, की झेंडावंदनाला उभं राहावं असं वाटलं. पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीतले काका, ज्यांना उभ्या गल्लीनं कधी टोपीशिवाय पाहिलं नव्हतं, मान खाली घालून रस्ता ओलांडून घरात गेले. पोरं हसली. मोठी माणसं तोंड फिरवून हसली.

मी धोतर सोडवून नेऊन दिलं. थोडं फाटलं होतं.

"असू दे रं," काका दाराआडून म्हणाले. "चांगलं बांधलंयस."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुणी आलं नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. बशीरचाचांना मी रस्त्यात गाठलं.

"चाचा, संध्याकाळी डेक गार होतो. या ना!"

"आता हूँ बेटा, आता हूँ. पर वो फाटक खोलो, चप्पल निकालो, कडी लगाओ... हम क्या मेहमान हैं जी?"

मी रजा संपवून अलिबागला गेलो. आईच्या फोनवरून बातम्या कळत गेल्या. कोरड्या हवेत फळ्या आकसल्या आणि फटी वाढल्या. अण्णांची चुन्याची डबी गेली, मग चष्मा गेला. डेकखाली मांजर व्यालं. आई मात्र खूश होती. कुरडया तिथं एका दुपारीत वाळत, आणि चादरी वाळत घालायला कुंपणासारखं दुसरं काही नव्हतं.

"अण्णा काय म्हणतात?" मी विचारलं.

"काय म्हणतेत? बसतेत एकटेच." मग म्हणाली, "आता टीव्ही नीट ऐकू येतो बग संध्याकाळचा."

फोन ठेवून मी समुद्राकडं पाहिलं. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच तो मला आवडला नाही.

दिवाळीला घरी निघालो, तेव्हा ठरवून टाकलं होतं, की डेक उपटायचा आणि कट्टा परत घालायचा. संध्याकाळी रिक्षा गल्लीत वळली आणि मला ओरडणं ऐकू आलं. तेच तिघं! कोपऱ्यावरच्या दुकानात वजनमाप थांबलेलं! मी आनंदानं आमच्या दाराकडं पाहिलं. डेकवर आईच्या चादरी होत्या. आवाज समोरून येत होता.

सिद्रामकाकांनी आमच्या फरशा न्हाणीपुढं टाकल्याच नव्हत्या. स्वतःच्या दारात, शेवग्याच्या सावलीत, दगडांवर मांडल्या होत्या. त्यावर तिघं ओळीनं बसून आमच्या घराकडं बघत होते.

"आला, आला, कप्तान आला!" काका गरजले. "दत्त्या, बापाला बोट तर लई झकास बांधलीस. आता तेवढा समुद्र आणून सोड की!"

मी हसलो. हसण्याशिवाय काय करणार? मग हळूच म्हणालो, "काका, त्या फरशा परत द्याल? कट्टा घालतो आमच्या दारात."

"ने की. पण उचलायच्या तर ह्या दोघांसकट उचल."

मी अण्णांकडं वळलो. "अण्णा, आपल्या घरात बसायला काय झालं? मी सगळं पहिल्यासारखं करतो."

अण्णांनी डेककडं एकदा पाहिलं. "तितं बसलो की मला कुटंतरी जायचंय आसं वाटतं बग," ते म्हणाले. नेहमीसारखं ओरडून नाही. हळू म्हणाले.



दुसऱ्या दिवशी ऑफिसातून साहेबांचा फोन आला. "दत्ता, एका नव्या पार्टीला बंगल्यापुढं गावाकडचा दगडी कट्टा हवाय. अगदी ओरिजिनल. बसलं की गावात बसल्यासारखं वाटलं पाहिजे. तू तिकडचाच ना? तुझंच नाव सुचवलंय, एक्स्पर्ट म्हणून."

मी टेप घेऊन रस्ता ओलांडला. मला खाली वाकलेला बघून तिघांनीही एकदम पाय वर घेतले.

"आता काय?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही. माप घेतोय."

अण्णांनी फरशीवर तळहात पसरून ठेवला.

"माप घे," ते गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणाले. "पण हात लावायचा न्हाय. सांगून ठिवतो."

अण्णांनी मला नाही म्हटल्याचा आयुष्यातला हा पहिलाच प्रसंग. बशीरचाचांनी टाळी दिली. मी पायाशी बसून मुकाट्यानं लांबी, रुंदी, उंची टिपून घेतली.

ड्रॉइंग पाठवलं. साहेबांना ते फार आवडलं. फक्त एक शंका त्यांनी विचारली, "यात सगळं आलं ना? गावात बसल्यासारखं वाटायला आणखी काय काळजी घ्यायची?"

मी कळवलं, "एकदा बांधून झाला, की त्याच्या आसपास इंजिनिअरला फिरकू देऊ नका."