दाराबाहेर न काढलेल्या चपला

आमच्या भागात डॉक्टरच्या खोलीत कुणी चप्पल घालून येत नाही. तशी पाटी मी कधी लावली नव्हती आणि लावायची गरजही नव्हती. निपाणीच्या बाजूच्या एका सरकारी दवाखान्यात मी सोळा वर्षं काढली. तापानं फणफणलेला माणूससुद्धा आधी उंबऱ्याशी थांबायचा, पायातलं काढायचा आणि मगच आत यायचा. फरशी गार आहे, राहू द्या, असं मी कितीदा सांगितलं असेल, पण ऐकतंय कोण! दाराबाहेरच्या चपला बघून आत किती जण येणार आणि कुठल्या वाडीचे, याचा अंदाज मला खुर्चीतूनच यायचा.

त्या वर्षी लांबच्या एका मोठ्या शहरात स्फोट झाला होता आणि टीव्हीवर दिवसभर तेच दळण चालू असायचं. एका सकाळी, रांग पार गेटपर्यंत गेलेली असताना, साध्या कपड्यांतले चौघे जण एका माणसाला घेऊन आले. पोलीस नेहमी रांग मोडूनच येतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. अटक केलेल्या माणसाला कोर्टापुढे उभं करायच्या आधी डॉक्टरचा कागद लागतो, आणि मग कोठडीत असेपर्यंत दर अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा लागतो. आमच्या ठाण्याचे हवालदार माझ्या ओळखीचे होते. हे चौघे मात्र बाहेरून आलेले होते. त्यांचा साहेब माझ्याशी कन्नडमध्ये अगदी अदबीनं बोलला. स्फोटाच्या प्रकरणातला संशयित आहे, काल संध्याकाळी अटक केली, लवकर मोकळं करा म्हणाला.

माणूस पस्तिशीचा होता. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं त्याचं काम. त्याचं नाव इथं लिहीत नाही. नाव वाचलं की काही लोकांचा निकाल तिथंच लागतो आणि काही लोक तिथूनच हळहळायला लागतात. मला दोघांचाही कंटाळा आहे.

उंबऱ्याशी तो थांबला आणि सवयीनं एका पायाच्या अंगठ्यानं दुसऱ्या पायातली चप्पल सोडवायला लागला. मागच्यानं त्याचा दंड धरला आणि म्हणाला, "राहू दे चप्पल."

रबरी, कोरी करकरीत चप्पल होती, पण त्याच्या मापापेक्षा चांगली दोन नंबर मोठी. तो आत आला तो पावलांच्या बाहेरच्या कडांवर चालत. मी विचारलं, काही त्रास आहे का. साहेबानं उत्तर दिलं, काही नाही. मी पुन्हा त्या माणसाकडं बघितलं, तर तो माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरकडं बघत होता. मी बीपी घेतलं, शर्टावरूनच छातीला स्टेथोस्कोप लावला आणि ठरलेली ओळ लिहिली, की बाहेरून कुठेही इजा दिसत नाही. खाली सही आणि सहीखाली शिक्का. सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील.

मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. सोळा वर्षांत दवाखान्यात चप्पल घालून आत आलेला तो पहिला पेशंट होता, आणि ती चप्पल त्याला का काढू दिली नाही हे कळायला डॉक्टर असायचीही गरज नव्हती. मी भ्याले. तशीच सही करून टाकली. पुढच्या पेशंटला आत बोलावताना माझा आवाज कसा होता ते आठवत नाही.

संध्याकाळी घरी सांगितलं. नवरा हायस्कूलला गणित शिकवतो, त्यामुळं त्याला प्रत्येक गोष्टीचं उदाहरण मांडायची सवय. तो म्हणाला, "आपली पोर रोज स्टँडवरनं बेळगावची बस पकडते. समज, तिथं बाँब ठेवलाय आणि कुठं ठेवलाय हे त्या एकाच माणसाला माहीत आहे. मग काय, त्याला चहा देऊन विचारत बसायचं?" पोरगी त्या वेळी आतल्या खोलीत परीक्षेचं पाठ करत होती आणि तिचा आवाज बाहेर येत होता. तसं असतं तर काठी मीच हातात घेतली असती, असं त्या क्षणी मला वाटलं. साहेबापेक्षा मला या वाटण्याची जास्त भीती वाटली.

आई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. तिनं उभा जन्म तंबाखूच्या वखारीत काढला. तंबाखू चाळून चाळून तिला खोकला जडला, पण त्याच पैशावर तिनं मला डॉक्टर केलं. आमच्या वादात ती सहसा पडत नाही. त्या दिवशी मात्र तिनं शेंगांचं सूप बाजूला सरकवलं आणि एक गोष्ट सांगितली, जी मला पन्नाशी जवळ येईपर्यंत माहीत नव्हती. वखारीतून सुटताना बायांची रोज झडती व्हायची. एकदा तंबाखूचं एक पुडकं कमी भरलं. मुकादमानं एका बाईला कोठीत नेऊन मारलं. ती आईच्या शेजारी बसून चाळणारी, आईची जिवाभावाची मैत्रीण.

"तिनं माझं नाव घेतलं," आई म्हणाली. "तिचं काय चुकलं न्हाय गं. मार थांबायला कुणाचं तरी नाव पायजे होतं, आणि शेजारी मी बसत होते."

पुडकं नंतर सापडलं, वजनकाट्याच्या मागं पडलेलं. तोवर आईला आठ दिवस घरी बसवलं होतं. नवऱ्यानं विचारलं, मग त्या मैत्रिणीशी तुम्ही पुन्हा बोललात का. आई म्हणाली, व्हय, मरेपतोर. शेंगांचं सूप तिनं परत पुढं ओढलं. नवरा उठून बाहेर गेला. त्याला ते पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. बाँबचं उदाहरण मात्र त्यानं पुन्हा दिलं नाही.

अठ्ठेचाळीस तासांनी ते परत आले. मी काहीही ठरवलेलं नव्हतं. ठरवून धाडस करणारी बाई मी नव्हे. उलट सकाळपासून देवाला विनवत होते की आज त्यांनी दुसऱ्या कुठल्या तरी दवाखान्यात जावं. पण तो माणूस उंबऱ्याशी आला आणि या वेळी थांबलाच नाही. वाकला नाही, पायाकडं बघितलंसुद्धा नाही, चपलेसकट सरळ आत आला. दोन दिवसांत त्याची ती सवय मोडून टाकली होती. मला एकदम संताप आला. एवढ्या मोठ्या प्रकरणात माझा संताप चपलेवर निघावा, हे आज सांगतानाही विचित्र वाटतं.

मी कन्नडमध्ये म्हणाले, माझ्या खोलीत पायातलं बाहेर काढून यायचं, सगळ्यांनी. साहेब हसला. मी हसले नाही. बाहेर रांगेतली माणसं बघत होती, आणि दाराशी त्यांच्या चपला नीट लावून ठेवलेल्या होत्या. चौघांच्याही पायांत लेसचे बूट होते. दोघे वाकून लेस सोडायला लागले, एक जण साहेबाकडं बघत तसाच उभा राहिला, आणि साहेबाला बूट काढणं काही जमेना, म्हणजे मनाला जमेना. तेवढ्यात मी त्या माणसाला पडद्यामागं नेलं आणि टेबलावर बसवून त्याच्या चपला माझ्या हातांनी काढल्या.

तळपाय सुजून टम्म झाले होते. मधला भाग पिवळा पडला होता, कडेला हिरवट. मुका मार लागला की कातडी आधी लाल होते, मग निळी-काळी, पाच-सहा दिवसांनी हिरवट आणि आठवड्यानं पिवळी. हे आम्ही कॉलेजात पाठ केलेलं असतं. अटक होऊन तर जेमतेम तीन दिवस झाले होते. मी हळूच विचारलं, कधीपासून.

"धा दिस झालं आक्का," तो म्हणाला. "कुठं ठिवलंतं ते ठावं न्हाय. डोळं बांधलं हुतं. इमान लई खालनं जायाचं, डोक्यावरनं."

मी टाचेला हात लावला तर तो ओरडला नाही, नुसता माझ्या ॲप्रनचा कोपरा मुठीत धरला. बाहेर बुटांचा आवाज थांबला होता. तो घाईनं बोलला, "मारलं ते नगा लिवू. परत त्यांच्याबरूबरच जायाचं हाय. कवापासनं धरलंय तेवढं लिवा. घरात वाटतंय मी पळून गेलोय."

आता यातलं एक लिहून दुसरं कसं टाळायचं? दहा दिवस हे फक्त त्याच्या तळव्यांवर लिहिलेलं होतं. तारीख लिहायची तर मार लिहावाच लागणार होता. मी माझ्या लिहायच्या टेबलाशी आले आणि दोन्ही लिहिलं. कुठं, किती, कुठल्या रंगाचं, आणि सुमारे आठ ते दहा दिवसांपूर्वीचं. त्यानं नको म्हटलेलं मी लिहिलं, याचं ओझं माझ्यावर आजही आहे.

साहेबानं कागद उभ्या उभ्या वाचला. आवाज अजिबात चढवला नाही. तुमची मुलगी बेळगावला कॉलेजला जाते ना, बसनंच जाते ना, असं त्यानं विचारलं, आणि हल्ली बसचं काही खरं नाही म्हणाला. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली. एक प्रत मी आधीच रजिस्टरला लावली होती आणि एक त्या माणसाच्या हातात दिली होती, कायद्यानं ती त्याचीच असते. कोठडीची मुदत त्याच दिवशी संपत होती. दुपारी कोर्टानं त्याला पोलिसांकडं परत न देता तुरुंगात पाठवलं, एवढं मला दुसऱ्या दिवशी कळलं.

त्यानंतरची तीन वर्षं मी भीतीत काढली, यात काही वाढवून सांगत नाही. पोरगी बसमध्ये बसली की फोन, उतरली की फोन. एकदा तिच्या फोनची बॅटरी संपली तर मी ओपीडी तशीच टाकून स्टँडवर धावले होते. दाराशी अनोळखी मोटारसायकल दिसली की नवरा खिडकीचा पडदा ओढायचा आणि आपण ओढला असं दाखवायचा नाही. माझी बदली झाली, मग आम्ही बेळगावातच टिळकवाडीत फ्लॅट घेतला. एकदा भावाला सोडायला सांबऱ्याला विमानतळावर गेले होते. परतताना एक विमान अगदी डोक्यावरून उतरलं आणि मी रस्त्याकडेच्या शेतांतली घरं बघायला लागले. त्याला डांबलेलं घर यातलं कुठलंही असू शकत होतं. कदाचित त्यातलं एकही नसेल. मी रिक्षावाल्याला जरा जोरात चला म्हणाले.

मग बेळगावच्या कोर्टातून साक्षीचं समन्स आलं, आरोपीच्या वकिलानं मागवलेलं. आई तोवर गेली होती. नवरा म्हणाला, आठवत नाही म्हणून सांग, एवढ्या वर्षांत कुणाला काय आठवतं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तो मला वाचवायला बघत होता. मीही रात्रभर आठवत नाही हे दोन शब्द घोकले.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढताना मी चपला खाली काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. आरोपीच्या बाजूला तो उभा होता, केस पिकलेला. मागच्या बाकावर तो साहेब बसला होता. त्यानं मला ओळखीची मान हलवली.

सरकारी वकिलानं माझ्यापुढं दोन कागद ठेवले, दोन्ही माझ्याच अक्षरातले. पहिल्यात कुठेही इजा नाही. दोन दिवसांनंतरच्या दुसऱ्यात आठ ते दहा दिवसांपूर्वीच्या इजा. त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि विचारलं, इजा दहा दिवसांपूर्वीच्या असतील तर पहिल्या दिवशी त्या गेल्या कुठे होत्या? डॉक्टर, यातला खोटा कागद कुठला?

माझ्याच चार मिनिटांच्या सहीनं वकील तो दुसरा कागद कापायला निघाला होता. घोकलेले दोन शब्द जिभेवर होते. तो माणूस या वेळी कॅलेंडरकडं बघत नव्हता, माझ्याकडं बघत होता.

"पहिला," मी म्हणाले.

कोर्टात एकदम कुजबुज झाली. न्यायाधीशांनी लेखणी थांबवली. सरकारी कागदावर खोटं का लिहिलंत, असं त्यांनी स्वतः विचारलं.

"भ्याले होते."

टायपिस्टनं ते टाइप केल्याचा आवाज मी ऐकला. आता पुढचा प्रश्न येणार, कुणाला भ्यालात? उत्तर मागच्या बाकावर बसलेलं होतं, आणि बोट कसं उचलायचं याचाच मी विचार करत होते. सरकारी वकील माझ्याकडं बघत राहिला, मग त्यानं मागं वळून साहेबाकडं बघितलं आणि म्हणाला, आणखी काही विचारायचं नाही. आरोपीचा वकील नुसता मान डोलावून बसून राहिला. त्याला हवं ते मिळालं होतं.

मी खाली उतरले. त्या माणसाचं पुढं काय होणार, तो निर्दोष आहे की नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही माहीत नाही. खटला चालूच आहे. मी चपलेत पाय घालायला गेले तर कुणाच्या तरी पायानं त्या उलट्या झाल्या होत्या. कोर्टाच्या शिपायानं खाली वाकून माझ्या चपला सरळ करून दिल्या, आणि साहेबाच्या बाकाजवळून जाताना मी मान खाली घातली.