कल्हईच्या टोपातलं कालवण

"काकू, तुमच्या रक्तात शिसं सापडलंय," डॉक्टर म्हणाल्या आणि मी आधी हसलेच. शिसं पेन्सिलीत असतं, एवढंच मला ठाऊक. मग त्यांनी विचारलं, "तुमच्याबरोबर घरात तेच जेवण आणखी कोण जेवतं?" माझं हसू तिथेच मावळलं. चार वर्षांची नात ईशा माझ्याच ताटात जेवते.

त्याआधी काही महिने पोटात कळा येत होत्या, जिना चढताना दम लागत होता. हिमोग्लोबिन उतरलेलं. बदलापुरात गोळ्या झाल्या, उल्हासनगरला सोनोग्राफी झाली, काही निघेना. तोंडाला चव यावी म्हणून मी रोज चिंच घातलेलं माशांचं कालवण करायची. आमच्या सोनिवली गावात माझ्या कालवणाचं नाव आहे, लग्नाच्या हळदीच्या जेवणाला लोक मला रांधायला बोलावून नेतात. टोप सासूबाईंचा, पितळी. दिवाळीआधी गावात दारोदार फिरलेल्या कल्हईवाल्याने तो लख्ख करून दिला होता.

शेवटी अंबरनाथच्या या डॉक्टरांनी ब्लड लेड लेव्हल, म्हणजे रक्तात शिसं किती आहे ती तपासणी, करायला लावली. त्यांनी समजावलं, "कल्हई कथलाची हवी. स्वस्तात पडावं म्हणून कुणी त्यात शिसं मिसळतात. आंबटाने ते जेवणात उतरतं." बरं वाटावं म्हणून मी जे ओरपत होते, तेच मला आजारी पाडत होतं.

टोपातली कल्हई खरवडून लॅबला दिली. शिसं निघालं. ईशाच्या रक्तातही निघालं. त्या दिवशी मी ढसाढसा रडले. डॉक्टर म्हणाल्या, "शिसं काढायच्या इंजेक्शनची वेळ आलेली नाही. टोप बंद करा, लोह-कॅल्शियम द्या, पुन्हा रक्त तपासू."

सासूबाई फणकारल्या, "आमची हयाती गेली या टोपान जेवून."

"आई, टोप चांगलाच आहे. या खेपेची कल्हई खोटी निघाली," मी म्हटलं.

घरच्यांनी बजावलं, गावात बोलू नकोस, तुला हळदीला कोण बोलावेल? मी मुद्दाम पुढच्याच हळदीत चुलीपाशी बसलेल्या बायकांना सगळं सांगितलं. कालवणही मीच केलं, स्टीलच्या टोपात. चाटून-पुसून संपलं.

परवा ईशाचा रिपोर्ट घ्यायला गेले. शिसं बरंच उतरलंय, आता काळजी नाही. बाहेर आले तर गावातल्या बायका पोरांना मांडीवर घेऊन रक्त तपासायला बसलेल्या. मला पाहून सरकल्या आणि जागा करून दिली. एवढा मान मला कुठल्या हळदीत मिळाला नव्हता.