तिसरं बोट

रोज सकाळी आंघोळीआधी मी आरशासमोर उभी राहून तोंडात तीन बोटं घालून बघायचे. एकाखाली एक, उभी. तिन्ही गेली की तोंड नीट उघडतंय असं समजायचं आणि पाणी तापलंय का बघायचं. ही सवय मला चौदाव्या वर्षी लागली आणि मी ती कुणाला सांगितली नव्हती, आईलाही नाही.

त्या वर्षी मी बाबांबरोबर दवाखान्यात गेले होते. बाबा तरुणपणी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर मुलुंडच्या एका सोसायटीत वॉचमन झाले. गालात सुपारी आणि तंबाखू, दिवसभर. डॉक्टर त्यांना म्हणाले, "तीन बोटं घाला बघू तोंडात." बाबांचं एकच गेलं. दुसरं ओठांशी अडलं. बाबा हसून म्हणाले, "गिरणीतली बोटां ही डॉक्टरानु, जाडी झालीत." मी खो खो हसले. डॉक्टरांची थट्टा करणारा बाप मला भारी वाटला होता. डॉक्टर काही हसले नाहीत. वर्षभरात बाबा तोंडाच्या कॅन्सरने गेले, आणि ते हसणं मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी, मी अठ्ठावीस वर्षांची असताना, एका सोमवारी माझी दोनच बोटं आत गेली.

खालच्या डाव्या बाजूला अगदी मागे आधीचे आठ दिवस दुखत होतं. त्या आठ दिवसांत मी काय केलं ते लिहायला आजही लाज वाटते. मी मशेरी लावली. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू कुटून तिची पूड करतात, ती मशेरी. आमच्या कोकणातल्या कितीतरी बायका सकाळी उठून ती दातांना घासतात. आई लग्नाआधीपासून घासते. बाबा गेल्यावर मी तिच्याशी यावरून किती भांडले असेन! दोनदा तिची डबी कचऱ्यात टाकली, दोनदा नवी डबी आली. ओट्यावरच्या साखरेच्या डब्यामागे ती असते हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे आईला माहीत होतं.

"चिमूटभर दाबून धर त्या दाढेवर," आई म्हणाली. "बधीर होतला. माज्या आयेन माका ह्याच दिलेला."

डेंटिस्टच्या खुर्चीत बसायची कल्पनाही मला सहन होत नव्हती, कारण खुर्चीत बसलं की कुणीतरी तोंडात बघणार. मशेरी त्यापेक्षा सोपी. मी सकाळ-संध्याकाळ दाबून धरली, आणि खरंच बधीर झालं. डोकं जरा गरगरायचं, मग मी वांद्र्याच्या ऑफिसात जाऊन शहाण्या बाईसारखी काम करायचे.

सोमवारी दोन बोटं, मंगळवारी दीड, बुधवारी जेमतेम एक. आठ दिवसांच्या मशेरीने कुणाचं तोंड बंद होत नाही हे मला कळत होतं. भीतीला ते कळत नव्हतं. बाबांचं जे झालं ते आता माझं होणार, आणि ते मी स्वतःच्या बोटाने दाढेवर लावून घेतलंय, हे मी पक्कं ठरवून टाकलं. कॅन्टीनमध्ये मी डाळीत भात कालवून चमच्याने आत सारत होते तेव्हा शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "अक्कलदाढ असणार गं. माझी काढली ना मागच्या वर्षी. दाखव ना कुणाला तरी."

"नाही जायचं मला."

"मग मर तिकडे, यार," ती म्हणाली. ती तसंच बोलते. मी हात धुवायला म्हणून उठले आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

घरी भाकरी बंद झाली, पेज आणि आमटी सुरू झाली. पित्त होतं म्हणून आईने दोन-तीन महिन्यांपासून आमटीतली मिरची कमी केली होती, म्हणून तेवढी तरी घशाखाली उतरत होती. शनिवारी सकाळी आई कणकेचे हात तसेच घेऊन बाथरूमच्या दारात आली आणि मला आरशासमोर एकच बोट तोंडात घालून उभं असलेलं तिने पाहिलं. ती त्या दिवशी बाबांबरोबर नव्हती, पण बाबांनी घरी येऊन तो विनोद तिलाही सांगितला होता. तिने हात धुतले, साडी बदलली आणि मला रिक्षात घालून मुलुंडला दातांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या, बोलायला फटकळ. त्यांनी होतं तेवढंच तोंड उघडून टॉर्च मारला आणि विचारलं, "तंबाखू, मशेरी, असलं काही?"

"नाही," मी म्हणाले.

"खोटा कित्याक सांगतस?" कोपऱ्यातल्या स्टुलावरून आई म्हणाली. "मियाच दिलंय तिका."

बाईंनी दोघींकडे पाहिलं. मग माझ्या जबड्याचा फोटो काढून आणायला लावला आणि तो स्क्रीनवर दाखवला. त्यात माझी शेवटची दाढ चक्क आडवी पडली होती आणि पुढच्या दाढेला ढुशी देत होती.

"हे बघ, तुला वाटतंय तसलं काही मला इथे दिसत नाहीये," त्या म्हणाल्या. मला काय वाटतंय ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. "अर्धी दाढ वर, अर्धी हिरडीखाली. त्या झाकणाखाली अन्न अडकलं, पू झाला, सूज जबड्याच्या स्नायूपर्यंत गेली, म्हणून तोंड उघडत नाही. वर तू मशेरीने ते भाजून काढलंस."

"काढायलाच हवी?"

"सगळ्यांची नाही काढत मी. सरळ आली असेल, ब्रश पोचत असेल, काही त्रास नसेल, तर राहू दे जन्मभर. तुझी ठेवली तर पुढची चांगली दाढ किडणार आणि हे दुखणं परत परत येणार. आज नाही हात लावणार. इतक्या सुजेत भूल नीट चढत नाही. पाच दिवस गोळ्या, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मग ये. अठराव्या-विसाव्या वर्षी आली असतीस तर सोपं गेलं असतं. वय वाढतं तसं हाड टणक होतं."

मी खुर्चीतून जवळजवळ उडी मारूनच उतरले. तेवढ्यात बाई आईला म्हणाल्या, "आणि मावशी, तुम्ही किती वर्षं लावता? या, बसा इथे."

"माका काय झाला? माजी दाढ नाय दुखत."

"दुखत नसली तरी बघू ना."

"हिचा करा आधी," आई पदर तोंडाशी नेत म्हणाली आणि चपला घालायला लागली.

पाच दिवस घरात आमचं तेच चाललं. मी म्हणाले, तू तोंड दाखवल्याशिवाय मी दाढ काढणार नाही. आई म्हणाली, तुझी काढून झाल्याशिवाय मी दाखवणार नाही. दोघी हट्टी. सूज उतरत होती, माझं दुसरं बोट परत आत जायला लागलं होतं, पण आईला कुणी 'तोंड उघडा' म्हटलं की ती पदर तोंडाशी नेते हे मला पहिल्यांदाच दिसलं होतं. माझी भीती गेली नव्हती. ती फक्त माझ्या तोंडातून निघून दुसरीकडे जाऊन बसली होती. शेवटी मीच हरले.

दाढ काढताना मला वाटलं होतं तसं दुखलं नाही. आवाज मात्र कवटीच्या आत येतो. बाईंनी हिरडी कापली, दाढेचे मशीनने दोन तुकडे केले आणि एकेक उचकटून काढला. मी खुर्चीचे हात धरून घामाने भिजले होते. मग टाके घातले, वर कापसाची घडी ठेवली. "घट्ट चावून धर. अर्धा तास बोलायचं नाही, थुंकायचं नाही," बाई म्हणाल्या.

मी उठले, कोपऱ्यातल्या आईकडे पाहिलं आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. बोलता येत नव्हतं, तरी मी ते बोट खाली केलं नाही.

आई उठली. पदर नीट केला, खुर्चीत टेकली, पण मागे रेलली नाही. बाईंनी टॉर्च मारला. आरसा गालाच्या आत फिरवला, खालचा ओठ बाहेर ओढला, परत गालात गेल्या.

"हा पांढरा चट्टा कधीपासून आहे, मावशी? तिखट झोंबतं का?"

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. "शिमग्यापासून," ती म्हणाली.

शिमग्यापासून आमच्या घरची आमटी फिकी होती. पित्त नव्हतंच. मी रोज आरशात माझंच तोंड मोजत होते, आणि समोर ताटाला ताट लावून बसलेल्या बाईच्या तोंडात काय आहे हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मला जोरात ओरडायचं होतं. तोंडात रक्ताने ओला कापूस होता आणि मी तो सांगितल्याप्रमाणे घट्ट चावून धरला होता.

"तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मी चिठ्ठी देते, उद्याच जा. आता जरा तीन बोटं घाला बघू तोंडात."

आईने उजवा हात उचलला. दोन बोटं आत गेली. तिसरं ओठांशी येऊन थांबलं. तिने एकदा परत प्रयत्न केला, मग हात मांडीवर घेतला, आणि माझ्याकडे बघून हसली.

"भांडी घासून घासून बोटां जाडी झालीत गो माजी," ती म्हणाली.

या वेळी मी हसले नाही.