यांना सोडणे शक्य नाही

पाणीपुरवठा खात्यात बढती हवी असेल, तर त्या माणसावाचून कुणाचं काही अडता कामा नये. हा नियम कुठल्या पुस्तकात लिहिलेला नाही, पण खात्यातली पुस्तकं तरी कोण उघडून बघतं? आमच्या मिस्त्रींना तो कळायला बत्तीस वर्षं लागली, आणि कळला तेव्हा निवृत्तीला चार महिने उरले होते.

मिस्त्री त्यांना सगळं गाव म्हणायचं. साहेब म्हणायचे, शिपाई म्हणायचा. नळ कोरडा म्हणून भांडायला आलेल्या बायकासुद्धा आधी 'मिस्त्री' म्हणून हाक मारायच्या आणि मग तोंडाचा पट्टा सोडायच्या. फक्त पगाराच्या कागदावर त्यांच्या नावापुढे 'मदतनीस' छापून यायचं. सव्विसाव्या वर्षी मदतनीस म्हणून चिकटले ते चिकटलेच. मदत कुणाची करायची, हे मात्र खात्याने कधी सांगितलं नाही. मंजूर पदं बेचाळीस, भरलेली सतरा. ज्या मिस्त्रीला मदत करायची, त्याची खुर्ची अकरा वर्षं रिकामी होती आणि तिच्यावर जुन्या फायली बसल्या होत्या.

गावाच्या पोटात दोनशे चौदा व्हॉल्व्ह होते. ऑफिसात त्यांचा नकाशाही होता, काचेच्या चौकटीत, साहेबांच्या डोक्यामागे. त्या नकाशाप्रमाणे खणत गेलं तर पाण्याची टाकी शाळेच्या मैदानात निघाली असती. खरा नकाशा मिस्त्रींच्या डोक्यात. खांद्यावर लांब दांड्याची लोखंडी चावी टाकून पहाटे निघायचे, झाकण उचलायचं, चावी खाली सोडायची, फेरे मोजायचे. याचे सतरा, त्याचे एकोणीस. बाजारातला हट्टी, त्याला आधी अर्धा फेरा मागे घ्यायचा, मग तो ऐकतो. शाळेमागचा हलक्या हाताचा. आणि टेकडीच्या पायथ्याचा एक उलट्या काळजाचा: सगळे व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवले की बंद होतात, हा पठ्ठ्या उजवीकडे फिरवला की उघडतो. कुणी कधी बसवला देव जाणे.

आता बढतीचं बघा. मदतनिसाचा मिस्त्री व्हायचा तर दहा दिवसांचं प्रशिक्षण हवं, त्याचं प्रमाणपत्र हवं. मुख्य ऑफिसातून पत्र यायचं: एक माणूस पाठवा. मिस्त्री अर्ज करायचे. साहेब अर्ज वाचायचे, चष्मा काढायचे, मान हलवायचे आणि तिरप्या अक्षरात लिहायचे, 'यांना सोडणे शक्य नाही. कामाचा खोळंबा होईल.' साहेब बदलले, चष्मे बदलले, शेरा तोच. अकरा अर्ज, अकरा शेरे. परत आलेले अर्ज बायकोने ट्रंकेत जपून ठेवले होते, लोक लग्नाचे फोटो ठेवतात तसे.

मग पाठवायचं कुणाला? ज्याच्या जाण्याने कुणाचा खोळंबा होत नाही त्याला! असा रत्नासारखा माणूस खात्यात एकच होता. तोही मदतनीसच, पण भांडारातला. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही आणि कामात तर मुळीच नाही. पंप शिकायला तो गेला, क्लोरीन शिकायला तो गेला, ऑफिसात संगणक नव्हता तेव्हा संगणक शिकायलाही तोच गेला. वर्षातून चार-दोन महिने ऑफिसात दिसायचा, म्हणून त्याचं नाव पडलं पाहुणे. पाहुण्यांकडे एक्केचाळीस प्रमाणपत्रं झाली होती. माणूस वाईट नव्हता हो. नुसता भित्रा होता. व्हॉल्व्हचं झाकण उचलायचं म्हटलं की तो चार पावलं मागे सरायचा, आणि 'मला येत नाही' म्हणायचं तर एक्केचाळीस प्रमाणपत्रांची लाज वाटायची.

निवृत्तीला चार महिने असताना नवे साहेब आले. वय कमी, उत्साह फार. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फर्मान काढलं: यापुढे अप्रशिक्षित कर्मचाऱ्याने व्हॉल्व्हला हात लावू नये. पाठोपाठ मुख्य ऑफिसचं पत्र आलं, व्हॉल्व्हची देखभाल या विषयावर दहा दिवसांचं प्रशिक्षण. आणि तेही आपल्याच ऑफिसच्या सभागृहात!

मिस्त्रींनी बारावा अर्ज लिहिला. रात्री जेवताना बायकोला म्हणाले, "या वेळी देतील गं. गाव सोडून जायचंच नाही, तर कसली अडचण? जाताना एकदा कागदावर मिस्त्री लिहून आलं म्हणजे झालं. एक महिना का होईना."

"देतील, देतील," बायको म्हणाली. "ट्रंकेत अजून जागा आहे."

शेरा दुसऱ्या दिवशी आला. तोच. नाव पाहुण्यांचं गेलं.

आता गंमत ऐका. शिकवायला जे तज्ज्ञ आले, त्यांनी पडद्यावर व्हॉल्व्हची रंगीत चित्रं लावली आणि दुसऱ्याच दिवशी विचारलं, "प्रत्यक्ष कोण दाखवेल?" साहेबांनी हाक मारली, "मिस्त्री, जरा चावी घेऊन या." मग काय! राहिलेले आठ दिवस तज्ज्ञ सावलीत चहा प्यायले आणि मिस्त्रींनी बारा गावांहून आलेल्या चोवीस जणांना रस्त्यावर उभं करून शिकवलं. चावी कशी धरायची, फेरे मोठ्याने का मोजायचे, गंजलेला व्हॉल्व्ह कुठे कुरकुरतो. सहाव्या दिवशी टेकडीचा उलटा दाखवला. पाहुणे तेव्हा गाडीच्या सावलीत डुलकी काढत होते.

दहाव्या दिवशी प्रमाणपत्रं वाटली. चोवीस. मिस्त्री दाराशी उभे होते, धुतलेला शर्ट घालून. सगळे पांगल्यावर साहेबांजवळ गेले.

"साहेब, मीही होतो की रोज."

साहेबांनी हजेरीपट उघडला, बोट फिरवलं. "प्रशिक्षणार्थींत तुमचं नाव नाही."

"मी शिकवत होतो, साहेब."

"मग शिकलात कधी?" साहेब म्हणाले. आणि त्यांना ते अगदी मनापासून वाटत होतं, हाच तर वैताग! "आणि शिकवणाऱ्यांच्या यादीतही नाव नाही तुमचं. त्याला आधी प्रमाणपत्र लागतं."

मिस्त्रींना त्या दिवशी फार लागलं. घरी येऊन त्यांनी धुतलेला शर्ट काढून खुंटीला लावला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बायको उशाशी बसली. 

महिन्याभरात वर्षानुवर्षं रखडलेली बढतीची ऑर्डर निघाली. पाहुणे मिस्त्री झाले. खुर्चीवरच्या फायली उचलून खाली ठेवल्या आणि पाहुण्यांना तिथे बसवलं. उरलेले दिवस खरे मिस्त्री चावी फिरवत होते आणि फर्मान मोडू नये म्हणून पाहुणे शेजारी उभे राहून सही करत होते. निवृत्तीच्या दिवशी खात्याने भिंतीवरचं घड्याळ दिलं, 'मदतनीस पदावरून' असं कोरलेलं. चावी भांडारात जमा झाली, तिची पावती मिळाली.

तीन आठवडे गेले. साहेबांच्या उत्साहाला उकळी फुटली आणि त्यांनी पाण्याचा दाब वाढवायची मोहीम काढली: सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा! पाहुणे निघाले. सगळ्यांना डावीकडे फिरवत फिरवत टेकडीच्या पायथ्याशी पोचले आणि तिथलाही घाम गाळून डावीकडे फिरवला, घट्ट. टेकडीवरचं पाणी ठप्प.

दोन दिवस टेकडी कोरडी. रस्ता तीन ठिकाणी खणला. 'व्हॉल्व्ह पूर्ण उघडे आहेत' असा अहवालही गेला. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास साहेब स्वतः मिस्त्रींच्या दारात. मागे मान खाली घालून पाहुणे.

मिस्त्री आत खुर्चीचा मोडका पाय ठोकत होते. साहेबांनी टेकडी म्हणताच त्यांच्या ध्यानात आलं काय झालंय ते. हातोडी हातातच, आणि पाय चपला शोधायला लागलेसुद्धा.

"बसा," बायको म्हणाली, आणि पदराला हात पुसत बाहेर गेली. "काय काम होतं?"

"मिस्त्रींना जरा पाठवा बाई. तासाभराचं काम आहे."

"पत्र आणलंय?"

साहेबांनी खरंच पत्र आणलं होतं. कागदाशिवाय साहेब स्वतःच्या सासुरवाडीलाही गेले नसते. 'निवृत्त मदतनीस यांना मार्गदर्शनासाठी पाठवावे.' बाईंनी ते उंबऱ्यात उभ्याने वाचलं, साहेबांच्याच खिशातलं पेन मागून घेतलं, कागद दाराच्या फळीवर धरला आणि तिरप्या अक्षरात शेरा मारला. अकरा नव्हे, बारा वेळा वाचलेला होता, एक काना-मात्रा चुकली नाही.

'यांना सोडणे शक्य नाही. कामाचा खोळंबा होईल.'

साहेबांनी वाचलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. आतून मोडक्या खुर्चीवर हातोडीचा एक ठोका पडला, बहुधा चुकून. साहेब कागदाची घडी घालत निघून गेले.

बाई आत आल्या तेव्हा मिस्त्री तसेच उभे, एका पायात चप्पल. "अगं, पण टेकडीवर लेकरंबाळं आहेत. दोन दिवस झाले."

"मग मी कुठे नाही म्हणतेय?" ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि त्याचा तिला राग येत होता. "मागच्या दाराने जा. टेकडीसाठी जा. खात्यासाठी गेलात तर घरात घेणार नाही!"

मिस्त्री पायथ्याशी पोचले तर झाकण उघडं आणि काठावर पाहुणे एकटे, मांडीवर चावी घेऊन बसलेले. साहेबांना वाटेत सोडून तसेच इथे आले होते.

"मिस्त्री," पाहुणे म्हणाले, "मला काही येत नाही. अगदी काही म्हणजे काही येत नाही हो."

बत्तीस वर्षांत खात्यातल्या कुणी असं कबूल केल्याचं मिस्त्रींना आठवत नव्हतं. रागाचे चार शब्द जिभेवर तयार होते, ते त्यांनी गिळले. स्वतः चावी घेतली नाही. पाहुण्यांच्या हातांवर हात ठेवले आणि म्हणाले, "उजवीकडे. हा उलटा आहे. तेवीस फेरे. मोठ्याने मोजा."

पाहुण्यांनी मोजले. आठव्याला पायाखाली पाणी घुमायला लागलं, तसा त्यांचा आवाज चढला. तेवीसला टेकडीवरून पोरांचा कालवा ऐकू आला.

पाहुणे कपाळ पुसत उठले, पिशवीतून कामाचं रोजचं रजिस्टर काढलं. त्यात लिहायचा अधिकार मिस्त्री या पदाला होता, म्हणजे त्यांना.  त्यात एक ओळ लिहून रजिस्टर पुढे केलं. 'काम करणारा मिस्त्री' या रकान्याखाली आमच्या मिस्त्रींचं नाव होतं. 'मदतनीस' या रकान्याखाली पाहुण्यांनी स्वतःचं घातलं होतं.

मिस्त्रींनी ती ओळ दोनदा वाचली. "साहेब सही करतील का याच्यावर?"

"साहेब वाचतात कुठे?" पाहुणे म्हणाले.

संध्याकाळी साहेबांनी न वाचता सही केली, शिक्का मारला. पाहुणे त्या पानाची झेरॉक्स घेऊन मागच्या दाराने आले, आणि बाईंनी ती ट्रंकेत बारा अर्जांच्या वर ठेवली.