लाईट देणारी बाई

"ऊठ. आणि तो एप्रन काढ."

मोठे डॉक्टर दारात उभे. मी खुर्चीवर. माझ्यासमोर घोडेगावच्या बाजारात बैलांचे सौदे करणारे एक आजोबा, गळ्याचा कॅन्सर, तोंड उघडून बसलेले. माझ्या टॉर्चचा उजेड त्यांच्या जिभेवर. दार सताड उघडं, बाहेर बाकड्यांवर पेशंट.

मी म्हणाले, "सर, ट्रस्टींनीच मला इथं बसवलंय."

"ट्रस्टींना काय कळतंय? तू मशीनवरची पोरगी. बटण दाबायचं. सवलतीत कोर्स केला म्हणून डॉक्टर झालीस का? काढ."

काढला. मी, दोन लेकरांची आई, उठून शाळेतल्या पोरीसारखी बाह्या सोडवत उभी राहिले. त्यांनी माझ्या हातातून एप्रन ओढला आणि नर्सकडे फेकला.

"धुवायला टाक."

सकाळीच इस्त्री करून घातला होता. काय धुवायचं होतं त्यातलं? मला कळलं. नर्सला कळलं. बाकड्यावरच्या सगळ्यांना कळलं.

मी कॅन्सरच्या पेशंटला रेडिएशन देते. आमच्या नगरकडं त्याला 'लाईट देणं' म्हणतात. वडील नागापूरच्या एमआयडीसीत फाउंड्रीत राबले, तापल्या लोखंडापुढं उभं राहून त्यांनी मला शिकवलं. नोकरीतली बरीच वर्षं गेल्यावर मी पुन्हा मुंबईला जाऊन वरचा कोर्स केला. उपचार चालू असताना पेशंटचं तोंड येतं, कातडी भाजते, घोट गिळवत नाही. ते रोज आमच्याच हाताखालून जातात. तेव्हा हे बघायचं, औषधपाणी सांगायचं, अवघड वाटलं तर डॉक्टरकडं पाठवायचं, हे काम परदेशात आमच्यासारखेच करतात. आमच्या दवाखान्यात मी पहिली. तो माझा पहिला दिवस.

त्या दिवशी मी मुकाट मशीनवर गेले. आजोबांचा नंबर आला. त्यांना टेबलावर झोपवलं. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा लावायला वाकले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. आवाज फाटलेला.

"पोरी, तू उठली कशापायी?"

मी मनगट सोडवून घेतलं. मुखवटा लावला, बाहेर आले, लाईट दिली. घरी गेले. जेवण गेलं नाही. डॉक्टर काय बोलले ते नव्हतं टोचत. ते तसलेच. मी उठले होते. त्यांनी म्हटलं आणि माझे पाय आपोआप उठले. कुणी शिकवलं होतं माझ्या पायांना?

दुसऱ्या दिवसापासून मी सूड घेतला. होय, सूडच. दुसरा शब्द मला नको.

लाईट देण्याआधी मशीनवर फोटो निघतो. पेशंट जागेवर आहे का, ते त्यात दिसतं. तो फोटो डॉक्टरनं बघून पास करायचा, असा नियम. आमचे डॉक्टर म्हणायचे, "तूच बघून घे, मी नंतर सही करतो." आणि दुपारी स्वतःच्या खासगी क्लिनिकला पसार.

मी फोन लावला. "सर, फोटो निघालाय. खाली या."

"तू बघ की."

"मी बटण दाबणारी. तुम्ही पास केल्याशिवाय दाबणार नाही."

आले. पुढच्या पेशंटला पुन्हा फोन. पुन्हा आले. मशीनवरचे आम्ही चौघं, चौघांनी तेच धरलं. एकाही पेशंटची लाईट चुकू दिली नाही. उशीर झाला तर मी बाकड्यापाशी जाऊन मोठ्यानं सांगायचे, "डॉक्टर येईपर्यंत थांबायचंय." मग लोक त्यांनाच विचारायला लागले. दुपारचं क्लिनिक बंद पडलं. जिना चढून-उतरून त्यांचा शर्ट पाठीला चिकटायचा. मी बघत राहायचे. बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

शेवटी केबिनमध्ये बोलावलं. आवाज मऊ.

"तुझं एकटीचं तपासणीचं काम परत चालू करून टाकू. बाकीच्यांना डोक्यावर बसवू नकोस."

"चौघांचं करा," मी म्हणाले. "ज्यांना शिकायचंय त्यांना शिकायला पाठवा. आम्ही बघितलेल्या फोटोवर आमची सही. आणि परत मला 'तू' म्हणायचं नाही."

ते हसले. "नाहीतर काय करशील?"

"आहे तेच. रोज."

आठवडाभर त्यांनी ताणलं. मग ट्रस्टींनी त्यांना बाजूला ठेवून आमचं सगळं मान्य करणारा लेखी हुकूम काढला. डॉक्टरांनी माफी मागितली नाही. परवा त्यांच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आली, माझ्या नावापुढं 'मॅडम' लिहून. मी ती फाडली.

माझा राग गेलेला नाही. तो जाऊही देणार नाही, मला त्याची गरज आहे. आता श्रीरामपूरकडच्या दोन पोरी शिकायला आल्यात, आमच्याच वस्त्यांमधल्या. त्यांना मी मशीन शिकवते, पेशंटच्या तोंडात बघायला शिकवते, आणि सही करायला शिकवते, पूर्ण नावानिशी, आडनावासकट. आम्हाला जे जे येतं आणि वरचे लोक जे जे दाबून बसलेत, ते एकेक करून काढून घेणार. विचारून नाही.