आत्याचा बोळ आणि दरबारचा कागद

तीस वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. राजेशाही, संसदीय पद्धत, अध्यक्षीय पद्धत आणि त्या प्रत्येकीत न्यायालयाची जागा कोणती, हा तक्ता फळ्यावर इतक्यांदा काढला की हात आपोआप चालायचा. आता आत्याच्या दाव्यापायी कोर्टातल्या बाकावर दिवस काढते, तेव्हा तो तक्ता आठवून माझा मलाच राग येतो.

दावा एवढासाच. हिंदी मुलखातल्या आमच्या जुन्या संस्थानी शहरात, दौलतगंज मोहल्ल्यात, आत्याच्या घरापुढचा बोळ शेजाऱ्याने भिंत घालून बंद केला. मागच्या दाराला सात उंच पायऱ्या, आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या गुडघ्यांना त्या उतरवत नाहीत. चार वर्षं झाली, आत्या घराबाहेर पडलेली नाही. दर पेशीला, म्हणजे सुनावणीला, वकील म्हणतात, "मॅडम, अगली तारीख पे पक्का हो जाएगा." काय पक्कं होतं कोण जाणे! कधी जजसाहेब रजेवर, कधी समोरचे वकील आजारी. मग संध्याकाळी आत्याकडे जाऊन तेच ते सांगायचं, आणि वर तिचं ऐकून घ्यायचं.

"तुमची अदालत म्हणजे नुसता टाइमपास! याच बोळासाठी माझे आजोबा दरबारात सकाळी गेले आणि दुपारी हुकूम घेऊन आले. कागद आहे देवघरात."

"अगं आत्या, राजाची मर्जी फिरली असती, तर दाद कुणाकडे मागितली असती? कोर्ट कुणाच्या मर्जीवर—"

"राहू दे गं तुझं लेक्चर. मला रस्त्यावर जायचंय, परीक्षेला नाही बसायचं."



तो कागद मोडीतला, खाली जांभळा शिक्का. आमच्यात मोडी आता कुणालाच येत नाही. पण दर दसऱ्याला तो पाटावर मांडायचा, हळदकुंकू वाहायचं, आपट्याची पानं ठेवायची. राज्यशास्त्राची प्राध्यापिका असून मीही निमूटपणे डोकं टेकवत आले. हुकूमच आहे म्हटल्यावर वाचून घ्यायचा कशाला? कुंकवाने वरच्या दोन ओळी पार पुसल्या तरी कुणाला काही वाटलं नाही.

शेवटी वकिलांनी या कागदाचा उल्लेख केला, तेव्हा कोर्टानेच तो वाचून आणायला सांगितला. कंपू मोहल्ल्यात मोडी जाणणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी भिंग लावून एकदा वाचला, पुन्हा वाचला आणि विचारलं, "बाई, हा हुकूम आहे असं कोण म्हणालं?"

तो अर्ज होता. पणजोबांचा, तिसरा. आधीच्या दोन अर्जांवर काहीच झालं नाही, तरी मेहेरबानी करून सुनावणीची तारीख द्यावी, अशी विनंती. शिक्का नुसता पोचल्याचा. हुकूम लिहायची मागची बाजू कोरी.

खरं तर आत्याशी चाललेल्या वादात मी जिंकले होते. पण रिक्षात बसले तेव्हा इतकं थकल्यासारखं झालं की रडूच आलं. आत्याला खोटं सांगावं, असंही मनात येऊन गेलं. नाही जमलं. सगळं सांगून टाकलं.

तिने कागद माझ्याकडून घेऊन मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे आजोबा रिकाम्या हातानेच आले होते. घरच्यांना तोंड कसं दाखवणार, म्हणून हुकूम म्हणाले असतील बिचारे."

मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"हा तुझ्या कोर्टात लाव. आजोबांचाही निकाल तिथेच लागू दे. तिथे कुणाची मर्जी लागत नाही म्हणतेस ना?"

"नाही लागत."

"मग सांग, कधी लागेल निकाल?"

माझ्या कोर्टावर भरवसा ठेवून ती पहिल्यांदाच काही विचारत होती, आणि माझ्याकडे सांगायला पुढच्या महिन्यातली एक तारीख होती.