टोणगा भिंगरीच्या मागे मागे

लहानपणी ती एका जागी टिकेल तर शपथ! म्हणून घरात तिचं नाव पडलं भिंगरी. पुढे शिकून ती सॉफ्टवेअर इंजिनियर झाली, तेव्हा बाबांना वाटलं, चला, आता तरी पोरगी खुर्चीला चिकटेल. कसलं काय! नोकरी धरली तीही अशी, की जिथे रस्ता संपतो तिथून काम सुरू. दगडधोंड्यांतून, चिखलातून आपली आपण वाट काढणारी, माणसाशिवाय चालणारी गाडी बनवायची. चार जाडजूड चाकं, पुढे कॅमेऱ्यांचे डोळे, आणि चढावर अशी काही फुरफुरायची, की सगळे तिला टोणगाच म्हणत.

टोणग्याची शिकवणीही मजेशीर. चालकदादांनी रिमोटने त्याला माळावर फिरवायचं आणि त्याने बघत बघत शिकायचं, कुठे वळायचं, कुठे थांबायचं. त्या बघण्यातून नेमकं काय उचलायचं, ते ठरवणारा प्रोग्रॅम भिंगरीचा. तिने खरं तर शेडमध्ये कॉम्प्युटरपाशी बसायचं. पण बसेल ती भिंगरी कसली? खड्डे बघायला रोज गाडीच्या पुढे हिचीच स्वारी. अंगात झगझगीत नारंगी जाकीट. बाबा पडले शिंपी. कंपनीचं जाकीट लेकीला ढगळ होतंय म्हटल्यावर त्यांनीच मापात शिवून दिलेलं.

डोंगरातल्या बचाव पथकाला औषधं वर पोचवणारी गाडी हवी होती. पथकाच्या प्रमुख बाई परीक्षा घ्यायला येणार, म्हणून साहेबांनी आधीच बजावलं, "हे फसलं तर शेडला कुलूप. तू मग बँकेचे प्रोग्रॅम लिहीत बस." बसायचं! तेही दिवसभर! भिंगरी तडक माळावर पळाली, आणखी खड्डे बघायला.

परीक्षेला सगळे कुंपणामागे उभे राहिले. बटण दाबलं. टोणगा जरासा सरकला, थबकला, त्याने इकडेतिकडे बघितलं आणि डोंगराकडे पाठ फिरवून थेट कुंपणाशी आला, भिंगरीच्या पुढ्यात. ती डावीकडे सरकली, तोही डावीकडे. ती उजवीकडे, तोही उजवीकडे.

"तुमच्या ओळखीचा दिसतोय," बाई म्हणाल्या.

"ओळखीचा कसला? लेकरूच आहे ते तिचं!" चालकदादा म्हणाले, आणि सगळे खो खो हसले. साहेब तेवढे हसले नाहीत.

भिंगरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. प्रत्येक धड्यात टोणग्याच्या पुढे तीच चालत होती! पठ्ठ्या वाट शिकलाच नव्हता. नारंगी जाकिटाच्या मागे जायचं, एवढंच शिकला होता.

"चूक त्याची नाही, माझी आहे," ती बाईंना म्हणाली. "एक आठवडा द्या."

"दिला. पण औषधं डोंगरावर गेली पाहिजेत हं, तुमच्या घरी नकोत."

संध्याकाळी तिने बाबांच्या मशीनवर नारंगी कापडाचा गठ्ठाच टाकला.

"का गं, सर्कस काढलीस?"

"तसंच समजा. ऑफिसातल्या सगळ्यांना एकेक जाकीट हवंय."

जुने धडे तिने पुसून टाकले आणि नवी शिकवणी लावली. हिशेबनीस, चहावाले काका, खुद्द साहेब, सगळे नारंगी होऊन माळभर पांगले. कुणी झुडपाशी बसलेला, कुणी उलट्या दिशेने निघालेला. चालकदादा मात्र टोणग्याला नीट वाटेने नेत राहिले. माणूस दिसला तर वळसा घाल, त्याच्या मागे लागू नकोस, हा धडा. साहेबांच्या जाकिटाचं बटण काही केल्या लागेना.

"साहेब, पोट आत घ्या," चालकदादा ओरडले, "टोणगा डोंगर समजून चढायला जाईल!"

आठवड्याने बाई पुन्हा आल्या, टोणग्यावर लादायला औषधांची खोकी घेऊन. बाबाही आले, मापं कुठे चुकली ते बघायला. भिंगरी यावेळी कुंपणामागे थांबलीच नाही. जाकीट घालून मुद्दाम टोणग्याच्या समोर गेली आणि डोंगर सोडून भलतीकडेच चालू लागली. बटण दाबलं. टोणगा फुरफुरला. जागचा हलेना. भिंगरी तशीच चालत राहिली. मग एकदम त्याची चाकं वळली, तिला वळसा घालून तो घळीत उतरला, पलीकडे चढला आणि मोठ्या खडकाआड दिसेनासा झाला.

सगळे कुंपणावरून माना उंचावून बघत राहिले. शेवटी वर थांबलेल्या पथकाचा बाईंना फोन आला. "पोचली औषधं!" त्या म्हणाल्या. "आम्हाला गाडी पसंत आहे."

साहेबांनी अशी उडी मारली, की कसंबसं लावलेलं बटण टणकन उडालं.

"अगं, आणि तू रडतेस काय?" बाबांनी विचारलं.

"मेल्याने एकदा तरी मागे वळून बघायचं!"

"तू कधी बघितलं होतंस? शाळेच्या पहिल्या दिवशी माझा हात सोडलास आणि सुसाट सुटलीस," असं म्हणून बाबा गालातल्या गालात हसत गवतात साहेबांचं बटण शोधायला वाकले.